‘आम्ही सगळ्यांनी आंबे खाल्ले’: चॉम्स्कीच्या भाषाशास्त्राला विज्ञान म्हणायचं का?

अनुनासिक (धागाकर्ता)

आधी ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

आम्ही सगळे गेलो.
आम्ही सगळ्यांनी आंबे खाल्ले.

भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो, हे शाळेतच कानावर पडलेलं असतं. त्याने आंबा खाल्ला, मुलींनी पोळी खाल्ली. पण मी, तू, आम्ही, तुम्ही या चौघांना तो लागत नाही. ‘मीने आंबा खाल्ला’ असं आपण म्हणत नाही. मग प्रश्न असा की, ‘आम्ही आंबे खाल्ले’ मधलं ‘आम्ही’ हे ‘आम्ही गेलो’ मधलंच ‘आम्ही’ आहे, की आतून वेगळं आणि वरून सारखं दिसणारं आहे?

नुसतं ‘आम्ही’कडे बघून याचं उत्तर मिळणार नाही. पण त्याच्या शेजारी ‘सगळे’ ठेवलं की मिळतं. ‘आम्ही सगळे आंबे खाल्ले’ म्हटलं तर ‘सगळे’ आंब्यांना जाऊन चिकटतं, एकही आंबा उरला नाही असा अर्थ होतो. खाणारे सगळे होते हे सांगायचं तर ‘सगळ्यांनी’च म्हणावं लागतं. ‘आम्ही’वर न दिसणारा ‘नी’ शेजारच्या शब्दावर लख्ख उमटतो. तो तिथे आहे, फक्त ऐकू येत नाही.

ज्याला जनरेटिव्ह भाषाशास्त्र म्हणतात (अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने सुरू केलेली शाखा; मराठीत ‘प्रजनक व्याकरण’ असा शब्द आहे, पण मी चालू शब्द वापरतो) त्याची काम करायची रीत साधारण अशी आहे. जे कानाला ऐकू येत नाही ते आहे असं धरायचं, ते असेल तर दुसरीकडे काय दिसायला हवं हे आधी सांगायचं, आणि मग तपासायचं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत ‘चॉम्स्की केव्हाच निकालात निघाला, चॅटजीपीटीने उरलंसुरलंही संपवलं’ असं वाक्य आलं आणि त्याला भराभर +१ मिळाले. मी पुण्यात भाषाशास्त्रात एम. ए. केलं, पुढे पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळलो, पण हा विषय मनातून गेला नाही. ते वाक्य मला खरोखर लागलं. त्यात एका माणसाचे दावे आणि एका विद्याशाखेने साठ-सत्तर वर्षांत गोळा केलेलं ज्ञान यांची सरमिसळ आहे. ही सरमिसळ सुटावी म्हणून हा धागा.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकेतलं भाषाशास्त्र ब्लूमफील्डच्या वळणाचं होतं: बोललेली भाषा टिपायची, तिचे तुकडे करायचे, तुकड्यांचे वर्ग करायचे. चॉम्स्कीचे गुरू झेलिग हॅरिस याच परंपरेतले. १९५७ साली हेग इथल्या मुताँ प्रकाशनाने चॉम्स्कीचं ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ हे छोटंसं पुस्तक छापलं. त्यात विचारलेला प्रश्न वेगळा होता. भाषेत वाक्यं अगणित आणि डोकं मर्यादित, मग बरोबर वाक्यं तेवढी तयार करतील आणि चुकीची गाळतील असे मोजके नियम लिहिता येतील का? १९५९ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्याने वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या ‘व्हर्बल बिहेवियर’ या पुस्तकाची चिरफाड केली आणि हा प्रश्न मानसशास्त्राच्या दारात नेऊन ठेवला. १९६५ च्या ‘अॅस्पेक्ट्स’ या त्याच्या पुस्तकात भाषेचं ज्ञान आणि भाषेचा प्रत्यक्ष वापर अशी फोड आली. मग घरातलंच भांडण झालं. लेकॉफ, रॉस, मकॉली, पोस्टल या मंडळींनी अर्थापासून सुरुवात करायचा आग्रह धरला आणि दहाएक वर्षं जोरात वाद चालला. १९८१ मध्ये सगळी मांडणीच बदलली: सगळ्या भाषांना समान तत्त्वं आणि भाषेगणिक बदलणारे काही पर्याय. १९९५ पासून ‘मिनिमलिस्ट प्रोग्रॅम’. त्यात यंत्रणा इतकी खरवडली की दोन घटक जोडून तिसरा बनवणारी ‘मर्ज’ नावाची एक क्रिया जवळजवळ एकटीच उरली.

इतक्यांदा घर पाडून बांधलं, म्हणून लोक विचारतात की हे विज्ञान आहे का. माझं म्हणणं सांगतो. दर वेळी सिद्धान्त बदलला, पण हाती लागलेली तथ्यं टिकली. विद्याशाखेची पत त्या तथ्यांवर जोखावी.

मतं येऊ द्यात. विरोधी असली तर जास्तच चांगलं.

पिंपळपान

छान धागा. ‘सगळ्यांनी’ वाचून दोन मिनिटं थांबलेच. आयुष्यभर बोलतेय आणि कधी लक्षात आलं नव्हतं. अशी टिकलेली तथ्यं अजून सांगाल का? आमच्यासारख्यांना त्यावरूनच कळेल.

अनुनासिक

नक्की. एकच सांगतो, पण नीट सांगतो.

‘मी वरण आणि भात खाल्ला.’ मराठीत शब्द हवे तसे हलवता येतात असं आपण म्हणतो. भातावर जोर द्यायचा तर ‘भात मी खाल्ला’ म्हणतोच. आता ‘वरण आणि भात’ मधला भात उचलून पुढे आणा: ‘भात मी वरण आणि खाल्ला.’ जमलं? कुणालाच जमत नाही. आता दुसरं वाक्य घ्या: ‘मी वरणाबरोबर भात खाल्ला.’ यातला भात पुढे आणा: ‘भात मी वरणाबरोबर खाल्ला.’ एकदम सुरेख. ताटात दोन्ही वेळा तेच पदार्थ आहेत, अर्थही जवळपास तोच. फरक फक्त रचनेचा. ‘आणि’ने बांधलेल्या जोडीतून एकालाच बाहेर काढता येत नाही, ‘बरोबर’च्या बाबतीत काढता येतं.

हे जॉन रॉस यांनी १९६७ च्या प्रबंधात मांडलं. ज्या रचनांतून काही बाहेर काढता येत नाही त्यांना त्यांनी ‘बेटं’ म्हटलं. गंमत बघा, रॉस पुढे चॉम्स्कीच्या विरोधी गटात गेले, त्या वेळची सगळी सूत्रं आणि चिन्हं अडगळीत गेली, पण बेटं जिथल्या तिथे आहेत. ही बेटं कशामुळे होतात यावर आजही एकमत नाही. ती आहेत यावर आहे.

कंपायलर

धागा मनापासून आवडला, तरी असहमत. माझी बाजू मांडतो. मी संगणकशास्त्रातला आहे आणि चॉम्स्कीचं आमच्यावर खरंच ऋण आहे. १९५६ च्या लेखात त्याने व्याकरणांची, त्यांच्या नियमांच्या ताकदीप्रमाणे, जी उतरंड लावली ती आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषांची व्याकरणं लिहायला बॅकसने जी पद्धत काढली ती याच जातकुळीची. तेवढं गणित आहे आणि गणित म्हणून ते पक्कं आहे. त्यावर वाद नाही.

वाद आहे तो ‘माणसाच्या मेंदूत जन्मतःच वैश्विक व्याकरण (सगळ्या भाषांना समान अशी चौकट) असतं’ या दाव्यावर. तीन आक्षेप.

‘अॅस्पेक्ट्स’मधलं व्याकरण इतकं सैल होतं की त्या साच्यात कुठलीही गणनक्षम (म्हणजे संगणकाच्या नियमांनी तयार करता येणारी) भाषा बसते हे पीटर्स आणि रिची यांनी १९७३ मध्ये गणितानेच दाखवलं. जो सिद्धान्त काहीही चालवून घेतो तो मानवी भाषेबद्दल काय सांगतो?

पुढे पिराहा. २००२ मध्ये हाउझर, चॉम्स्की आणि फिच यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की माणसाच्या भाषेचं खास, फक्त तिचं असं जे काही आहे ते कदाचित वाक्यात वाक्य गुंफायची क्षमता एवढंच असेल. २००५ मध्ये डॅनियल एव्हरेट यांनी ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यातल्या पिराहा भाषेत तसली गुंफण नाहीच असं मांडलं. उत्तर काय आलं? ‘क्षमता आहे, प्रत्येक भाषेने ती वापरलीच पाहिजे असं नाही.’ मग तुम्ही कुठला पुरावा आला तर माघार घ्याल ते तरी सांगा. विज्ञानाचा तत्त्वज्ञ लाकातोश ज्याला ऱ्हासाकडे निघालेला संशोधन कार्यक्रम म्हणतो तो असाच असतो: सिद्धान्त पुढे काही सांगत नाही, मागून आलेल्या उदाहरणांना ठिगळं लावत राहतो.

शेवटचा आक्षेप चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांचा. त्यांच्यात कुणी व्याकरण भरलेलं नाही, तरी ती तुमचं ‘वरण आणि भात’ बरोबर ओळखतील. २०२३ मध्ये पियांतादोसी यांनी नेमकं हेच लिहिलं.

अनुनासिक

कंपायलर, आक्षेप तिन्ही वजनदार आहेत.

पीटर्स-रिची मान्य, पूर्ण मान्य. पण त्याचा परिणाम काय झाला तेही बघा. त्यानंतर सगळी धडपड व्याकरणाला लगाम घालायच्या दिशेने गेली. कुठलं रूपांतर (वाक्यातले घटक हलवण्याचा नियम) चालेल यापेक्षा कुठलं चालणार नाही हे शोधणं सुरू झालं. आणि तुमच्या उतरंडीवर मानवी भाषा नक्की कुठे बसते हाही प्रश्न मार्गी लागला. १९८५ मध्ये शीबर यांनी स्विस जर्मनमधल्या एकमेकांना छेद देणाऱ्या नाम-क्रियापदांच्या जोड्या दाखवून सिद्ध केलं की ती भाषा उतरंडीतल्या ‘संदर्भमुक्त’ पायरीच्या व्याकरणात मावत नाही. त्याच सुमारास हेही दिसत गेलं की त्याहून थोडीशीच जास्त ताकद पुरते. एक दावा मोडला, दुसरा जास्त नेमका आला. याला मी ठिगळ म्हणणार नाही.

पिराहाबद्दल. एव्हरेटच्या माहितीवरच नेव्हिन्स, पेसेत्स्की आणि रॉड्रिग्स यांनी २००९ मध्ये सविस्तर फेरतपासणी केली आणि ती ‘लँग्वेज’मध्ये छापून आली, एव्हरेट यांनीही तिथेच उत्तर दिलं. पण तुमचा आक्षेप पिराहाहून मोठा आहे, आणि तो मला मान्य आहे: ‘वैश्विक व्याकरण आहे’ हे वाक्य एकट्याने खोटं ठरवता येत नाही. ते वाक्य म्हणजे सिद्धान्त नव्हेच, शोधाची दिशा आहे. खोटे ठरतात ते त्याखालचे ठोस दावे. आणि ते ठरले आहेत, त्यात मराठीचाही हात आहे.

बघा: ‘राम म्हणाला की लीलाने स्वतःला फसवलं.’ फसलं कोण? लीला. रामाला आणताच येत नाही. आता ‘राम म्हणाला की लीलाने आपल्याला फसवलं.’ इथे फसला राम. (‘आपल्या सगळ्यांना’ हा अर्थही निघतो, तो बाजूला ठेवू.) आणि लीला तर नाहीच नाही. १९८१ च्या मांडणीनुसार असे परत कर्त्याकडे वळणारे शब्द आपल्याच छोट्या वाक्यात धनी शोधतात. ‘स्वतः’ तसं वागतो. ‘आपण’ बरोबर उलटं, बाहेरच्या वाक्यातला धनी मागतो. काशी वाली यांनी मराठीतलं हे वागणं बारकाईने मांडलं. चिनी, आइसलँडिक यांतूनही अशी लांबून बांधली जाणारी रूपं पुढे आली आणि मूळ नियम बदलावा लागला. दक्षिण आशियाई भाषांतल्या या शब्दांवर वाली, लस्ट, गेअर आणि सुब्बाराव यांनी संपादित केलेला जाडजूड ग्रंथ २००० साली निघाला.

प्रारूपांबद्दल नंतर लिहितो, त्याला निवांत वेळ हवा.

खडूफळा

मी बावीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. धागाकर्त्यांनी ‘आम्ही’त लपलेला ‘नी’ दाखवला त्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. शाळेच्या पुस्तकातला विभक्तींचा तक्ता आठवून बघा. ‘मी’च्या ओळीत प्रथमेला ‘मी’ आणि तृतीयेलाही ‘मी, माझ्याशी’. मुलं दर वर्षी विचारतात, बाई, मी दोनदा कसं आलं? म्हणजे आपल्या व्याकरणकारांना हे ठाऊक होतं. त्यांनी ‘सगळ्यांनी’ची कसोटी लावली नसेल, पण रकाना मोकळा सोडला नाही.

आणि तो ‘नी’ सगळीकडे लपलेलाही नाही. माझी आजी ‘म्या पाहिलं’, ‘त्वा सांगितलंस’ असंच म्हणायची. ज्ञानेश्वरीत ‘म्यां’ आहे. प्रमाण मराठीत ‘मी’ आणि ‘म्यां’ एक झाले, बोलींत वेगळे राहिले. मला या पंथाची हीच गोष्ट खटकते. १९६५ च्या पुस्तकात ‘पूर्णपणे एकजिनसी भाषासमाजातला आदर्श बोलणारा-ऐकणारा’ गृहीत धरलाय. असा समाज कुठे आहे? माझ्या एका वर्गात अहिराणी, वऱ्हाडी आणि पुणेरी शेजारी शेजारी बसतात. कुणाच्या कानाला विचारून वाक्य चुकीचं ठरवायचं? अभ्यासक स्वतःलाच विचारतो, स्वतःच उत्तर देतो. याला पुरावा म्हणायचं का?

मांडवीकाठ

खडूफळा यांच्या ‘म्या’ला जोड. आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांना हे वेगळं शोधावंच लागत नाही. ‘हांव गेलों’ पण ‘हांवें आंबो खालो’. ‘तूं’ पण ‘तुवें आंबो खालो’. जे मराठीत ‘सगळ्यांनी’वरून ताडावं लागतं ते आमच्या तोंडात उघड आहे. म्हणजे मराठीच्या आत जे असणार असं धागाकर्ते म्हणतात, ते शेजारच्या भाषेत प्रत्यक्ष दिसतंय. मला हा भक्कम पुरावा वाटतो.

कंपायलर

पुरावा आहे, पण त्याला जनरेटिव्ह भाषाशास्त्रच कशाला हवं? मी-तू यांना खूण न लागणं आणि इतरांना लागणं हे ऑस्ट्रेलियातल्या डिरबलसारख्या भाषांतही आहे. १९७६ मध्ये सिल्व्हरस्टीन यांनी याची उतरंड मांडली: बोलणारा आणि ऐकणारा हे मुळातच कर्ते असायची शक्यता जास्त, म्हणून त्यांना वेगळी खूण लागत नाही. निर्जीव वस्तू कर्ता झाली तर मात्र सांगावं लागतं. वापरातून आलेलं साधं, समजणारं स्पष्टीकरण. जन्मजात काही मानायची गरज नाही.

अनुनासिक

सिल्व्हरस्टीनचं काम मोठंच आहे. पण ते ‘मी’ला ‘ने’ का नाही याचं उत्तर देतं. ‘सगळ्यांनी’ला ‘नी’ का आहे याचं देत नाही. शिवाय ‘तू पोळी खाल्लीस’ घ्या. ‘खाल्लीस’मधली ‘ली’ पोळीची आणि ‘स’ तुझा. एकच क्रियापद एका हाताने कर्माला आणि दुसऱ्या हाताने कर्त्याला धरून आहे. ‘त्याने पोळी खाल्ली’ मध्ये दुसरा हात रिकामा. ही यंत्रणा कशी चालते हे लिहायला रचनेचीच भाषा लागते. ती कुठून आली याचं स्पष्टीकरण वापरात सापडलं तर मला आनंदच आहे. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

खडूफळा ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात कळीचा. गिब्सन आणि फेडोरेंको यांनी २०१० च्या सुमारास हाच आक्षेप जोरात घेतला: चार सहकाऱ्यांना विचारून वाक्याला फुली मारणं ही काही पद्धत नव्हे. त्यावर स्प्राउझ, शुट्झ आणि अल्मेडा यांनी ‘लिंग्विस्टिक इन्क्वायरी’च्या २००१ ते २०१० च्या अंकांतून १४८ उदाहरणं चिठ्ठ्या टाकून उचलावीत तशी निवडली आणि भाषाशास्त्राशी संबंध नसलेल्या लोकांवर रीतसर तपासली. सुमारे ९५ टक्के निर्णय जुळले, ते २०१३ मध्ये छापून आलं. म्हणजे अभ्यासकांचे कान बऱ्यापैकी विश्वासू निघाले. पण हे सगळं इंग्रजीवर. तुमच्या वर्गातल्या तीन मराठींबद्दल ते काही सांगत नाही, आणि तिथे तुमचं म्हणणं मी डोक्यावर घेतो. ‘म्या’ म्हणणारी आजी प्रमाण मराठीला दुरुस्त करते आहे असं नाही, ती दुसरं, तितकंच नियमबद्ध व्याकरण बोलते आहे. डेक्कन कॉलेजात मराठी बोलींचं सर्वेक्षण झालं आहे, त्यातल्या ध्वनिमुद्रणांवर अशा कसोट्या लावायला कितीतरी वाव आहे.

सूत्रपाठ

उशिरा आलो. पाणिनीचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. ‘अॅस्पेक्ट्स’च्या प्रस्तावनेत चॉम्स्कीने स्वतःच म्हटलंय की पाणिनीचं व्याकरण अशा जनरेटिव्ह व्याकरणाचा एक अंश म्हणून वाचता येतं. पण ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणायला मी आलेलो नाही. उलट सांगायला आलोय.

अष्टाध्यायीच्या सुमारे ४००० सूत्रांत मनाबद्दल, जन्मजात ज्ञानाबद्दल, सगळ्या भाषांबद्दल एक अक्षर नाही. ती शिष्टांच्या संस्कृताची घडण आहे आणि तेवढीच आहे. खरा दुवा तंत्रात आहे. उत्सर्ग आणि अपवाद: सामान्य नियम आणि विशेष नियम एकाच जागी आले तर विशेष लागतो, उरलेल्या सगळीकडे सामान्य. पॉल किपार्स्की यांनी १९७३ मध्ये ध्वनिव्यवस्थेसाठी हेच तत्त्व आधुनिक रूपात मांडलं. त्यांचं पाणिनीवरचं पुस्तक १९७९ मध्ये शि. द. जोशी यांच्या संपादनाखाली निघालं, एम. आय. टी. प्रेस आणि पुणे विद्यापीठाचं संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र या दोघांनी मिळून. आमच्या गुरुजींच्या तोंडी कायम असायचं, ‘अर्धमात्रालाघवेन पुत्रोत्सवं मन्यन्ते वैयाकरणाः’. अर्धी मात्रा वाचली तरी व्याकरणकाराला मुलगा झाल्याचा आनंद. कमीत कमी नियमांत जास्तीत जास्त बसवायचं, ही ओढ दोन्हीकडे सारखी आहे.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. लाघव, म्हणजे कमीत कमी शब्दांत सांगणं, हा ग्रंथ पाठ करणाऱ्याच्या सोयीसाठी होता. तुमच्याकडे लाघव हा मेंदूबद्दलचा पुरावा मानतात. ही उडी कशी समर्थनीय?

अनुनासिक

सूत्रपाठ, या उडीचं समर्थन मला आजवर कुठे पटेल असं सापडलेलं नाही. मिनिमलिस्ट कार्यक्रमातला ‘भाषा ही जवळजवळ परिपूर्ण रचना असावी’ हा सूर मला म्हणूनच पटत नाही. नियम सुटसुटीत असावेत ही अभ्यासकाची शिस्त झाली. मेंदू सुटसुटीत आहे हे वेगळं सिद्ध करायला हवं.

सांजवात

मी लहान मुलांच्या वाचा-उपचारांचं काम करते. माझा मुद्दा घरातला. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना एकदा चप्पल हातात घेऊन आला आणि म्हणाला, ‘आई, झुरळ मरलं. मी करलं.’ घरात ‘मरलं’, ‘करलं’ कुणी म्हणत नाही. आम्ही मेलं, केलं म्हणतो. पड-पडलं, बस-बसलं यावरून त्याने स्वतः नियम काढला आणि चालवला. मी चार-पाचदा ‘केलं’ म्हणून दुरुस्त केलं, त्याने मान डोलावली आणि परत ‘करलं’ म्हणाला. काही महिन्यांनी आपोआप ‘केलं’ आलं. मुलं नुसती नक्कल करत नाहीत, हे मी रोज बघते.

पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे मुलं काय चुकत नाहीत. ‘भात मी वरण आणि खाल्ला’ अशी चूक मी इतक्या वर्षांत एकाही मुलाकडून ऐकलेली नाही. ज्यांची भाषा अडखळते त्यांच्याकडूनही नाही.

कंपायलर

सांजवात, ‘करलं’ हा नियम काढल्याचा पुरावा आहे, जन्मजात व्याकरणाचा नाही. आणि न झालेली चूक हा फार निसरडा पुरावा. अडीच वर्षांचं मूल ‘वरण आणि भात’ मधून काही उचलायची गरज असलेलं वाक्य बोलायला जातं तरी किती वेळा?

सांजवात

बरोबर. म्हणून तशी गरज मुद्दाम निर्माण करून पाहावं लागतं. क्रेन आणि नाकायामा यांनी १९८७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांवर केलेला प्रयोग आम्हाला अभ्यासाला होता. जब्बा नावाच्या बाहुल्याला मुलांनी प्रश्न विचारायचे. इंग्रजीत होकार-नकाराचा प्रश्न करताना सहायक क्रियापद पुढे आणतात. ‘जो मुलगा मिकीला बघतोय तो खूश आहे का’ अशा वाक्यात अशी दोन क्रियापदं येतात. पहिलं दिसेल ते उचललं असतं तर एक विशिष्ट चूक झाली असती. मुलांनी दुसऱ्या चुका भरपूर केल्या, क्रियापद दोनदाही म्हटलं, पण ती एक चूक कुणीच केली नाही. शब्दांची रांग न मोजता ती वाक्याची घडण बघत होती.

कंपायलर

तो प्रयोग मान्य. पण ‘मुलांच्या कानावर अशी वाक्यं पडतच नाहीत’ हा त्याच्याबरोबर येणारा दावा पुलम आणि शोल्झ यांनी २००२ मध्ये तपासला, आणि तसली वाक्यं वाटतात तितकी दुर्मिळ नाहीत असं दाखवलं. पुरावा अपुरा आहे म्हणायच्या आधी तो मोजायला हवा. जनरेटिव्ह मंडळींनी हे मोजमाप फार उशिरापर्यंत टाळलं, ही माझी खरी तक्रार.

अनुनासिक

ही तक्रार रास्त आहे.

आता प्रारूपांचं राहिलेलं उत्तर. कंपायलर, तुम्ही म्हणता प्रारूपाला ‘वरण आणि भात’ कळतं. कळत असेल. ते किती वाचून? मोठी प्रारूपं लाखो कोटी शब्द वाचतात. मुलाला दहा-बारा वर्षांत दहा कोटींच्या आसपास शब्द मिळतात. २०२३ पासून ‘बेबीएलएम’ नावाची स्पर्धा चालते, तिथे प्रारूपाला दहा कोटी किंवा एक कोटीच शब्द द्यायचे असा नियम आहे. योग्य तुलना ती.

पण संख्येपेक्षा मला दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो. माणसाला ज्या भाषा येऊच शकत नाहीत त्या यंत्राला येतात का? ‘नाही’ हा शब्द कायम वाक्यातल्या तिसऱ्या शब्दानंतर येणार, मग वाक्य कसंही असो, अशी भाषा कल्पून बघा. जगात अशी भाषा सापडलेली नाही. २००३ मध्ये मुसो, मोरो आणि सहकाऱ्यांनी जर्मन बोलणाऱ्यांना इटालियन आणि जपानीचे काही खरे आणि काही असे बनावट, शब्द मोजणारे नियम शिकवले. लोक दोन्ही शिकले. पण खरे नियम शिकताना मेंदूच्या ब्रोका या भाषेशी निगडित भागातली हालचाल वाढत गेली, बनावट नियमांना तशी वाढली नाही. प्रारूपांना असला भेदभाव नसतो, ती काहीही शिकतात, असं चॉम्स्की, रॉबर्ट्स आणि वाटुमल यांनी मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. आणि पुढच्याच वर्षी कॅलिनी आणि सहकाऱ्यांनी जीपीटी-२ या चॅटजीपीटीच्या आधीच्या प्रारूपावर हे करून पाहिलं. अशक्य भाषा शिकताना प्रारूप खऱ्या भाषेपेक्षा अडखळतं असं निघालं. म्हणजे या मुद्द्यावर चॉम्स्कीचं सरसकट विधान टिकलं नाही, असं मी मानतो.

पण ‘अशक्य भाषा’ ही कल्पनाच कुठून आली? तो प्रश्न विचारायला आधी ‘कुठल्या भाषा शक्य आहेत’ हा प्रश्न लागतो, आणि तो १९५७ पासून विचारला गेला म्हणून आज प्रयोगशाळेत आहे. उत्तर चॉम्स्कीच्या विरुद्ध गेलं तरी प्रश्नाची कमाई या विद्याशाखेची. हेच मला +१ देणाऱ्या मंडळींना सांगायचं होतं.

कंपायलर

एवढ्यावर मी सहमत व्हायला तयार आहे: बेटं आणि ‘आपण’ हे शोध, उतरंड हे गणित, आणि वैश्विक व्याकरण हा अजून न चुकवलेला हुंडीचा कागद. विज्ञान आहे का, तर पहिल्या दोन भागांत आहे.

अनुनासिक

तिसरा कागद फाडून टाकावा असं मला वाटत नाही, पण तो अजून वटलेला नाही हे खरं.

खडूफळा

आज नववीच्या तासाला वेळ उरला म्हणून इथली वाक्यं फळ्यावर लिहिली. बेचाळीस मुलं होती. ‘भात मी वरण आणि खाल्ला’ ला एकही हात वर आला नाही. ‘लीलाने स्वतःला फसवलं’ मध्येही कुणाला शंका नाही. पण ‘राम म्हणाला की लीलाने आपल्याला फसवलं’ वर वर्गाचे दोन तट पडले. बहुतेकांना फसलेला राम दिसला. अकरा मुलांचं म्हणणं, ‘आपल्याला’ म्हणजे फक्त आपल्या सगळ्यांना. राम असेल तर ‘त्याला’ किंवा ‘मला’ म्हणू. त्या अकरांपैकी बहुतेकांच्या घरी बोली बोलली जाते, पण सगळ्यांच्या नाही. उद्या त्यांना घरी आजी-आजोबांना हेच वाक्य विचारून उत्तर जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलंय. मांडवीकाठ, कोंकणीत या जागी काय म्हणता?

मांडवीकाठ

‘आपणाक’. आणि माझ्या कानाला तो रामच. आईला विचारून उद्या पक्कं सांगतो, तिची बोली माझ्याहून जुनी आहे.